सायकल फ्रेमची जिग घरी करताना मटेरियल कुठलं घ्यायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोलीत घरामागच्या शेडमध्ये मी स्टीलच्या सायकल फ्रेम बनवतो, धंदा म्हणून नाही, हौस म्हणून, वर्षाला एखाद-दुसरी. जोडताना ट्यूब जागच्या जागी धरून ठेवणारा साचा म्हणजे जिग, आतापर्यंत तशा तीन करून झाल्यात, पहिली चुलीत गेली, दुसरी अर्धी भंगारात आणि तिसरी अजून भिंतीला आहे. कोणी शेडमध्ये डोकावलं की तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हे सगळं स्टीलच्या ट्यूब ब्रेझिंगनं (टॉर्चनं तापवून पितळी किंवा चांदीची सळई वितळवून) किंवा टिगनं (विजेच्या आर्कनं वेल्डिंग) जोडायच्या फ्रेमबद्दल आहे, कार्बनचं मला विचारू नका.

मुळात जिग लागतेच का?

एकच फ्रेम करायची असेल तर नाही लागत. लगवाल्या फ्रेम (लग म्हणजे ट्यूबची टोकं ज्यात घालतात तो धातूचा सांधा) इंग्लंडातले जुने कारागीर सपाट टेबलावर जुळवायचे, लगमधून आरपार बारीक भोक पाडून त्यात पिन ठोकायचे म्हणजे ट्यूब हलत नाही, आणि मग तशीच आगीत. आजही प्लायच्या फळीवर एकास एक मापाचं ड्रॉइंग काढून, त्यावर ट्यूब ठेवायला व्ही ब्लॉक लावून पहिली फ्रेम आरामात होते. पण दुसरी-तिसरी करायची खाज असेल आणि मुख्य म्हणजे तुम्ही एकटेच काम करणारे असाल, तर जिग करा. आमच्या घरी बायको दोन ट्यूब धरून अर्धा तास उभी राहिली आणि त्यानंतर तिनं जे काय ऐकवलं, त्यावर जिग हा एकच उपाय उरला होता.

जिग एकदम अचूक असली की फ्रेम सरळच येणार ना?

नाही. हे आधी डोक्यातून काढा, कारण नको त्या ठिकाणी पैसे जातात ते यामुळेच. जोडाची एक बाजू तापते, प्रसरण पावते, थंड होताना आक्रसते आणि ट्यूब त्या बाजूला ओढली जाते. जिगमध्ये आवळून धरलीत तर तो ताण आतच दबून राहतो, क्लॅम्प सोडला की फ्रेम तिला जायचंय तिथं जातेच. म्हणून बरेच जण जिगमध्ये फक्त टॅक (दोन-चार ठिकाणी छोटे तात्पुरते टाके) मारतात, बाहेर काढून तपासतात, लागलं तर हातानं थोडी वाकवतात आणि मग स्टँडवर फिरवत फिरवत पूर्ण जोड भरतात. टॅक होईपर्यंत ट्यूब बरोबर जागी धरून ठेवायची, जिगचं काम एवढंच.

मग जिगमध्ये नेमकं काय अचूक लागतं?

सायकल लांबीत मधोमध उभी कापली तर जो सपाट पृष्ठभाग दिसेल तो डोळ्यासमोर आणा. बीबी शेलचा (पेडलचा आस बसतो ती आडवी नळी) मध्य, मागच्या अॅक्सलचा मध्य, सीट ट्यूबचा (सीटखालची उभी नळी) अक्ष आणि हेड ट्यूबचा (हँडलखालची पुढची नळी) अक्ष, चारही त्या एका प्रतलात पडायला हवेत. बस. हे जमलं की बाकी जिग बांबूची का असेना.

माझंच उदाहरण देतो. मुख्य बीमच्या (ज्यावर जिगचं बाकी सगळं बसवतात तो लांब दांडा) तोंडापासून हे मधलं प्रतल मी १०० मिमीवर ठेवलंय. बीबी शेल ६८ मिमी रुंद, त्याचं अर्धं ३४, म्हणून बीबीचा खांब १०० वजा ३४ म्हणजे ६६ मिमी उंच. मागचा हब १३५ चा, अर्धे साडेसदुसष्ट, म्हणजे बीमकडच्या ड्रॉपआउटची (मागचं चाक अडकवायची खाच असलेली पट्टी) आतली बाजू ३२.५ वर यायला पाहिजे. हेड ट्यूब आणि सीट ट्यूबच्या कोनांचा (ट्यूबच्या टोकात बसणारे धातूचे शंकू, अँगल नव्हे) मध्य बरोबर १०० वर. हे चार आकडे मी शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलेत आणि दर वेळी फ्रेम लावायच्या आधी व्हर्नियर घेऊन तपासतो. सीट अँगल ७३ च्या जागी सव्वा त्र्याहत्तर झाला तर चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, पण हेड ट्यूब मागच्या चाकाच्या मानानं तिरकी बसली तर हात सोडल्याबरोबर सायकल एका बाजूला जायला लागते.

आणि बीमला थोडा बाक असला तर तो मापं घेऊन शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) लावून काढता येतो, पण पीळ असला तर वाईट. बीमच्या दोन टोकांत अर्धा अंश पीळ म्हणजे १४० मिमीच्या हेड ट्यूबच्या वरच्या आणि खालच्या टोकात सव्वा मिमीचा फरक, आणि तिथून खाली जमिनीपर्यंत गेलात तर पुढचं चाक पाच-सहा मिमी बाजूला. म्हणून मटेरियल बघताना पहिला प्रश्न, याला पीळ आहे का आणि चार महिन्यांनी पीळ पडेल का.

एमडीएफ चालेल का? स्वस्त आहे, सपाट असतं.

दुकानात सपाट असतं हो. माझी पहिली जिग १८ मिमी एमडीएफची, मे महिन्यात केली, काय सुंदर झाली होती, वर पांढरं लॅमिनेट चिकटवलं, त्यावर पेनानं रेघा मारल्या, पहिली फ्रेम तिच्यावर मस्त आली. मग जून लागला. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि माझी शेड म्हणजे चिऱ्याच्या भिंती आणि वर मंगळूरी कौलं, हवा बाहेरची तीच आत. जुलैमध्ये दुसरी फ्रेम लावली, टॅक मारले आणि दोरा लावून बघितला. दोरा एका ड्रॉपआउटपासून निघून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला, आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंना अंतर मोजायचं. एकीकडे ३१ मिमी, दुसरीकडे ३७. म्हणजे फ्रेम ३ मिमी बाहेर. आधी वाटलं मीच कुठंतरी चुकलो, सगळं सोडून परत लावलं, परत तेच.

शेवटी फळीवर लोखंडी पट्टी उभी धरली तर मधे खालून उजेड दिसला. कारण अगदी साधं होतं, लॅमिनेट मी एकाच बाजूला लावलं होतं, त्या बाजूनं ओलावा आत जात नव्हता पण मागून जात होता, मग मागची बाजू फुगली आणि फळी पुढच्या अंगाला पोटात गेली. एमडीएफच वापरायचं असेल तर लॅमिनेट दोन्ही बाजूंना, कडा इपॉक्सीनं बंद आणि शक्यतो दोन फळ्या एकावर एक चिकटवून ३६ मिमी, कारण जाडी दुप्पट केली की फळी आठपट ताठ होते. टॉर्च मात्र जवळ नको, पेटतं आणि त्यातल्या फॉर्माल्डिहाइडवाल्या गोंदाचा धूर डोळ्यांत जातो. खरं सांगायचं तर गोव्यात घेऊच नका.

प्लायवूड?

एमडीएफपेक्षा बरं. फक्त साधं कमर्शियल घेऊ नका, आयएस ७१० शिक्का असलेलं मरीन प्लाय घ्या, उकळत्या पाण्यात टिकणारा गोंद असतो त्यात. साधं प्लाय आयएस ३०३ मध्ये येतं आणि त्यात एमआर लिहिलेलं म्हणजे फक्त दमट हवा सोसणारं, आपला पाऊस म्हणजे नुसती दमट हवा नाही. बांधकामवाले सेंट्रिंगला वापरतात ते फिल्म लावलेलं शटरिंग प्लाय पण चांगलं, दोन्ही बाजूंना फिल्म असते म्हणून एकाच अंगाला वाकत नाही, बांधकामावर उरलेला तुकडा मागून बघा. ठेवताना भिंतीला तिरकं टेकवून ठेवू नका, आडवं सपाट ठेवा किंवा चार जागी टांगा.

सागवानाची जुनी चौकट आहे घरी, ती?

अरे वा, ठेवा ती. पन्नास वर्षं वाळलेलं सागवान नवीन बाजारू प्लायला ऐकणार नाही. लाकूड ओलाव्यानं रुंदीत हलतं, लांबीत जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे लांब बीम म्हणून जुनं लाकूड लोकांना वाटतं तेवढं वाईट नाही. सुताराकडून एक तोंड रंध्यानं सरळ करून घ्या, त्याला आधीच सांगा की पीळ काढायचाय, तो दोन पट्ट्या ठेवून डोळा लावून बघेल आणि तुमच्या माझ्यापेक्षा लवकर सांगेल. फणसाचं लाकूडही चालतं पण ताजं नको. जोडाच्या जवळ येणारे भाग तेवढे धातूचे करा.

अॅल्युमिनियमचं टी-स्लॉट प्रोफाइल सगळे वापरतात, तेच घ्यायचं का?

पैसे असतील तर हो, त्यात डोकं कमी लावावं लागतं. माझी आताची जिग त्याचीच आहे. ४० बाय ८० चं प्रोफाइल, खाचा ८ मिमीच्या, त्यात एम८ चे टी-नट सरकवायचे आणि काय हवं ते हव्या त्या जागी आवळायचं, वेल्डिंग नाही, ड्रिलिंग जवळजवळ नाही. ४५ च्या सिरीजमध्ये खाच १० मिमीची येते, नट वेगळे, दोन्ही मिसळून घेऊ नका, मी घेतलेत आणि एक डबा भरून निरुपयोगी नट पडलेत. ३० बाय ३० बीमसाठी बारीक पडतं, ते बाजूच्या हातांना वापरा.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक म्हणजे एक्स्ट्रूजन आहे, मशीन केलेला पृष्ठभाग नाही, त्यामुळे सरळपणा तपासूनच घ्यायचा, आणि ऑनलाइन मागवलं तर कुरिअरमध्ये आपटून येतं हे धरून चाला. मला एकदा १ मीटरचा तुकडा आला तो एका टोकाला चेपलेला, विकणारा म्हणाला कोपरा कापून टाका, कापून टाकला, काय करणार. दुसरी म्हणजे अॅल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, ७० गिगापास्कल विरुद्ध २००. बारीक प्रोफाइलला लांब हात काढून त्याच्या टोकाला फ्रेम लटकवलीत तर ते झुकणारच, ती चूक प्रोफाइलची नाही.

अॅल्युमिनियम उन्हानं वाढतं, मग माप चुकणार नाही?

हिशेब करून बघा. १ मीटर अॅल्युमिनियम दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं, स्टील १२. सकाळ ते दुपार १२ अंशांचा फरक धरला तर अॅल्युमिनियम पाव मिमीच्या जरा वर आणि स्टील त्याच्या निम्मं. दोन्हीतला फरक एक दशांश मिमीच्या आसपास, आणि तोही लांबीत, म्हणजे चेनस्टे (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) ४३० चा ४३० च राहतो. तुमची पेन्सिलची रेघ याच्यापेक्षा जाड असते. आपला शत्रू ऊन नाही, पाऊस आहे.

एमएसचा (माइल्ड स्टील, साधं लोखंड) चौकोनी पाइप घेऊन वेल्डरकडून फ्रेम मारून घेतली तर?

माझी दुसरी जिग हीच. ५० बाय ५० बाय ३ चा पाइप, किलोवर मिळतो, मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतो, ताठ आहे, स्वस्त आहे. चूक मी एकच केली ती म्हणजे वेल्डिंग करवून घेतलं. वेल्डर चांगला होता, शिगम्याला चित्ररथांचे सांगाडे करणारा माणूस, दहा फुटी राक्षस मान हलवत पणजीच्या रस्त्यानं जातो तो असल्याच लोकांच्या जिवावर. त्यानं मस्त गुण्या लावून, मापं घेऊन सांधे मारले. थंड झाल्यावर बघितलं तर बीम दोन मिमी वाकलेला. वेल्ड थंड होताना ओढतोच, जशी फ्रेम ओढली जाते तशीच जिग पण, त्यात त्याची काही चूक नाही. दुसऱ्या बाजूनं तापवून सरळ करायचा प्रयत्न केला तर वर पीळ पण पडला.

म्हणून एमएस घ्यायचं तर मुख्य बीमवर एकही वेल्ड नको. भोकं पाडा आणि बोल्टनं जोडा. पाइपच्या आतली शिवण नटाला आड येते, बोल्ट आरपार न्यायचा असेल तर ती कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. वेल्ड करायचंच असेल तर छोट्या ब्रॅकेटना करा आणि ब्रॅकेटचं तोंड नंतर मशीन करून घ्या.

चॅनल पण चांगलं, आयएसएमसी १०० म्हणजे मीटरला साडेनऊ किलो, दणकट. फक्त त्याच्या फ्लँजची आतली बाजू तिरकी असते, सपाट वॉशर लावून आवळलंत की बोल्ट वाकडा बसतो, त्याला तिरके वॉशर मिळतात ते घ्या, नाहीतर सगळं काम मधल्या सपाट भागावरच करा.

बार्जच्या भंगारातलं लोखंड वापरलं तर?

हे आपल्याकडेच सुचू शकतं. खाणी २०१२ साली बंद पडल्या, परत २०१८ मध्ये, आणि मांडवी-जुवारीच्या काठाला पडून राहिलेल्या, खनिज वाहणाऱ्या काही बार्जी तोडल्या गेल्या. भंगारात जाड प्लेट, अँगल, चॅनल दिसतं, दिसलं की हात शिवशिवतात. पण गॅस कटरनं कापलेल्या प्लेटची कड कडक झालेली असते, ड्रिल जळतात, आणि गरम रोल केलेली प्लेट सपाट नसतेच. १२ मिमीची ६०० बाय ३०० ची प्लेट १७ किलो भरते, ती टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर घासून घेतलीत तर पुढच्या पिढीला पण पुरेल असं टेबल होतं, न घासता वापरलीत तर नुसतं वजन.

भंगारवाल्याकडे कधी जुन्या लेथचा बेड दिसला तर मात्र विचार न करता घ्या. बिडाचं ओतकाम, वर्षानुवर्षं जागेवर मुरलेलं, घासलेलं तोंड, असलं सपाट काही दुसरीकडे त्या भावात मिळणार नाही. चार माणसं आणि टेंपो लागेल, तो वेगळा भाग.

ग्रॅनाइटचा ओटा उरलाय, त्याची जिग होईल का?

तपासायचं टेबल होईल, जिग नाही. १८-२० मिमीची ग्रॅनाइटची लादी ओलाव्याला दाद देत नाही, गंजत नाही, तापमानानं फार हलत नाही. पण ती पॉलिश केलेली असते, सपाट केलेली नाही, दोन्हीत फरक आहे. चांगली पट्टी ठेवून सगळ्या दिशांनी बघा, तिरकंही. मीटर बाय ६०० ची लादी ३२ किलोची होते, तिला तीन ठिकाणी आधार द्या, चार नको, चार पायांवर ती कुठल्यातरी एका पायावर डुगडुगते किंवा वाकते. ज्योत लागली तर कोपरे तडकून उडतात. कडप्पा तर घेऊच नका, थर सुटतात त्याचे. आणि कंपनीचा खरा ग्रॅनाइट सरफेस प्लेट घेणं म्हणजे हौशी माणसाला नाकापेक्षा मोती जड.

कोन कशाचे करायचे?

इथं पैसे घाला. हेड ट्यूब आणि सीट ट्यूब दोन्ही टोकांनी पकडणारे कोन, बीबीचे पक (शेलच्या तोंडात बसणाऱ्या चकत्या) आणि मागच्या चाकाच्या जागी लावायचा डमी अॅक्सल, एवढं लेथवर नीट करून घेतलं की निम्मी जिग झाली. मी डिचोलीतल्याच एका लेथवाल्या काकांकडे गेलो होतो, सोबत अर्धी बांधलेली जिग घेऊन, तिला क्लॅम्प आणि दोऱ्या लटकत होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "कितें रे हें, माटोळी?" (चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती.) मग ट्यूब हातात घेऊन फिरवली, तोंड बघितलं आणि म्हणाले, ही नळीच तिरकी कापलीय, माझा कोन कितीही चांगला असला तर उपयोग काय. तेव्हापासून ट्यूबचं टोक कोनात घालण्याआधी फेस करून (काटकोनात सपाट करून) घेतो.

मटेरियल म्हणाल तर कोन अॅल्युमिनियमचे करा, त्याला ब्रेझिंगचा पितळी रस चिकटत नाही. स्टीलच्या कोनाला फ्लक्स आणि पितळ लागलं की कोन फ्रेमचा कायमचा भाग होतो, मी एकदा कापून काढलाय. स्टीलचेच असतील तर वर मऊ शिसपेन्सिल घासा, ग्रॅफाइटवर पितळ धरत नाही. पण अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पितळी सळईनं ब्रेझिंग करताना आपण ८८०-९०० पर्यंत जातो, तेव्हा जोड टोकाच्या अगदी जवळ असेल तर टॅक मारून लगेच कोन काढा. ५६ टक्के चांदीची सळई ६५० च्या आसपास वाहते, तिच्यातही मार्जिन फार नाही. बीबीचा पक करायच्या आधी हातातल्या शेलचा आतला व्यास मोजून न्या, आटे कापलेले असतात त्यामुळे कॅटलॉगमधला आकडा कामाचा नाही.

कोनांच्या मधून थ्रेडेड रॉड टाकला तर चालतो ना?

आवळायला चालतो, अक्ष म्हणून नाही. हार्डवेअरच्या दुकानातला थ्रेडेड रॉड सरळ नसतो, काउंटरवर लोळवून बघा, नाचतो. आणि एम१२ चा रॉड मोजाल तर १२ पेक्षा थोडा कमी भरतो, म्हणजे भोकात ढिला. सीएनसीवाले आणि थ्रीडी प्रिंटरवाले लिनियर शाफ्ट वापरतात, ग्राइंड केलेला, १६ किंवा २० मिमीचा, तो घ्या. लेथवाल्याकडे ब्राइट बार असतो, तोही चालेल, फक्त त्याची एक बाजू फ्लॅट मिल करायला सांगू नका, आतला ताण सुटून बार केळ्यासारखा होतो.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) पाइप, जीआय नट-बोल्ट?

जोडापासून लांब असेल तर ठीक. ज्योत किंवा आर्क जिथं पोचते तिथं गॅल्वनाइज्ड काहीही नको. जस्त जळलं की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. लोक म्हणतात दूध प्या म्हणजे काही होत नाही. दूध प्या, पण जीआय पण काढा.

थ्रीडी प्रिंट केलेले भाग?

ड्राय फिटिंगला उत्तम, म्हणजे सगळं मांडून बघायला. पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंशांना मऊ पडतं, आणि आवळून ठेवलं तर नुसत्या दाबानंसुद्धा हळूहळू दबतं. टॅक मारायच्या दिवशी काढून धातूचे लावा.

टिगसाठी आणि ब्रेझिंगसाठी जिग वेगळी लागते का?

मटेरियल तेच, थोडी रचना वेगळी. ब्रेझिंगला टॉर्च आणि सळई सगळ्या बाजूंनी फिरवायला जागा लागते, म्हणून क्लॅम्प जोडापासून हातभर नाही तरी वीतभर लांब. टिगला हेड ट्यूब आणि बीबीच्या आत अॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा भरीव गोळा बसवलात तर उष्णता खाऊन घेतो आणि गोल ट्यूब अंडाकृती होत नाही. अर्थिंगचा क्लॅम्प सरळ फ्रेमला लावा, जिगला नको, नाहीतर कुठंतरी कोनापाशी ठिणगी पडून नवी ट्यूब खरवडली जाते.

गंजाचं काय करायचं?

किनारपट्टीवर राहत असाल तर उत्तर आहे तेल, आणि परत तेल. मशीन केलेल्या तोंडांवर पातळ तेलाचा हात, बाकी सगळ्याला रेड ऑक्साइड. ज्या तोंडांवर माप टेकतं तिथं रंग लावू नका, रंगाचा थर माप खातो. एसएसचे बोल्ट अॅल्युमिनियममध्ये घट्ट बसवून विसरलात तर खारट हवेत अॅल्युमिनियम पांढरं होऊन फुलतं, आट्यांना ग्रीस लावा. एसएसचा नट एसएसच्या बोल्टवर कोरडा आवळला की मधेच अडकतो आणि मग ना पुढे ना मागे, त्यालाही ग्रीसच. पावसाळ्याआधी मी सगळे नट काढून एकदा पुसून घेतो, चवथीला घर साफ करतो तसंच.

भंगारात किंवा दुकानात उभं राहून सरळ आहे की नाही कसं कळणार?

एक चांगली स्टील पट्टी आणि दोन एकसारखे सरळ तुकडे खिशात ठेवा. पट्टी उभी धरून मागून मोबाइलचा टॉर्च मारा, उजेड दिसला तिथं खड्डा. आधी पट्टीच सरळ आहे का ते बघा, तिच्या कडेनं कागदावर रेघ मारा, पट्टी उलटी करून त्याच दोन बिंदूंमधून परत मारा, दोन रेघांत फट दिसली तर पट्टी वाकडी. पीळ बघायला ते दोन तुकडे बीमच्या दोन टोकांना आडवे ठेवा आणि एका टोकाला बसून एका कडेवरून दुसरीकडे बघा, समांतर दिसले पाहिजेत. मोबाइलमधल्या लेव्हलच्या अॅपवर विसंबू नका, साधी पाणसळ दोन्ही टोकांना ठेवून तिचा बुडबुडा एकाच जागी येतो का ते बघा, ती नीट नसली तरी चालतं, फक्त तोंड न फिरवता उचलून ठेवायची.

गोव्यात हे सगळं मिळतं कुठं?

एमएस पाइप आणि चॅनल म्हापसा, फोंडा, मडगाव कुठंही. टूलरूम आणि ग्राइंडिंग इंडस्ट्रियल इस्टेटींत, वेर्णा, कुंडई, थिवी, बेतोडे, फक्त एक तुकडा घेऊन गेलात तर ते हसतात, शनिवारी दुपारी जा आणि घाई नाही म्हणून सांगा. टी-स्लॉट प्रोफाइल आणि लिनियर शाफ्ट ऑनलाइन. ट्यूबच महाग पडतात, रेनॉल्ड्स नाहीतर कोलंबस म्हणजे परदेशातूनच, आणि तेवढ्यासाठीच सांगतो, पहिल्या फ्रेमला साधी ४१३० ची (क्रोमोली स्टीलची) सरळ जाडीची ट्यूब घ्या.

आज नव्यानं करायची तर तुम्ही काय घ्याल?

४० बाय ८० चं प्रोफाइल, १२०० मिमी लांब, भिंतीला दोन ब्रॅकेटवर. कोन अॅल्युमिनियमचे, अक्ष २० चा लिनियर शाफ्ट, बीबीचा खांब एमएसचा लेथवर केलेला. डमी अॅक्सल १३५ चा, त्याला दोन्ही बाजूंना साडेतीन मिमीचे गोल स्पेसर म्हणजे १४२ पण होतो. बजेट नसेल तर बीम जुन्या सागवानाचा, बाकी तेच. बीम बदलता येतो, कोन वाईट असले तर प्रत्येक फ्रेम वाईट.

१२०० लांबी कशाला? एक मीटर पुरत नाही?

रोड किंवा माउंटन बाइकला पुरते. पण आमच्या वाड्यावरचा पोदेर (पाववाला) एक दिवस त्याची काळी सायकल घेऊन आला, मागे पावाची टोपली बांधायचा कॅरियर, डाउन ट्यूब हेड लगपाशी तुटलेली. ती २८ बाय दीडची चाकं, झोपलेला हेड अँगल, लांबच लांब चेनस्टे, माझ्या तेव्हाच्या एक मीटरच्या बीमवर मागचा अॅक्सल बाहेर हवेत गेला. त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला हॉर्न वाजवत निघायचं होतं, नवा बीम आणायला वेळ कुठे. शेवटी मागचं चाक तसंच ठेवून फ्रेम दोन स्टुलांवर उलटी टाकली, सीट ट्यूबशी ओळंबा सोडला, दोरा लावला आणि दोन्ही बाजू बत्तीस-बत्तीस आल्यावर ब्रेझिंग केलं. रात्री साडेअकराला तो सायकल घेऊन गेला, सकाळी दारात चार पाव जास्त होते.